आठवा फर्मा

"मॅडम, रेसिपी आणि भविष्य त्या बाजूला," माटुंग्याच्या फुटपाथवरच्या पुस्तकवाल्याने मला डावीकडे पिटाळलं. महेश्वरी उद्यानाच्या आसपास जुनी पुस्तकं घेऊन बसणारे हे लोक गिऱ्हाइकावर एक नजर टाकतात आणि त्याचा कप्पा ठरवून टाकतात. पाठीला सॅक असली की इंजिनीअरिंग. पिशवीतून कोथिंबीर डोकावत असली की रेसिपी. माझ्या पिशवीतून कोथिंबीरच डोकावत होती.

"मला मारामारीची हवीत," मी म्हटलं. "मराठी, जुनी. बाबूराव."

आता त्याने मला नीट पाहिलं.

हा एक शब्द शिकायला मला वर्षभर पायपीट करावी लागली. रद्दीवाल्याकडे 'रहस्यकथा' मागितल्या की तो इंग्रजीवरून केलेली जाडजूड भाषांतरं पुढे करतो. 'साहसकथा' म्हटलं की मुलांसाठीची मावळ्यांची पुस्तकं. 'बाबूराव' म्हटलं की ज्याला कळायचं त्याला बरोबर कळतं. बाबूराव म्हणजे रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकर, खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि त्याचा छोटू ही सगळी त्यांचीच मंडळी. हजारावर पुस्तकं लिहून १९९६ साली ते गेले. पण रद्दीच्या धंद्यात बाबूराव हा आता मालाचा प्रकार झालाय. गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप असो, नाहीतर ज्याचं नावही कुणाला आठवत नाही अशा लेखकाचा कुणी खलाशी नायक असो. चिमुकला आकार, पिवळा कागद, मुखपृष्ठावर पिस्तूल किंवा बाई किंवा दोन्ही, की झाला तो बाबूराव.

त्याने मागच्या गोणीखालून एक ठोकळा काढून दिला. चार पुस्तकं एकत्र बांधलेली, पाठीला काळं रेक्झिन, कोपऱ्यांना खाकी कापड. फिरत्या वाचनालयाची बांधणी. मुखपृष्ठं काढून टाकलेली आणि सतराव्या पानावर जांभळा गोल शिक्का, त्यातलं 'वाचनालय' एवढंच वाचता येत होतं. साठ म्हणाला, चाळीसला दिलं. कोथिंबिरीशेजारी ठोकळा कोंबून मी स्लो लोकल पकडली.

चारातल्या तीन कथा अर्नाळकरांच्या होत्या, त्यातल्या दोन मी आधी वाचलेल्या. चौथीला ना नाव होतं ना लेखक. सुरुवातीची पानंही गेलेली, थेट पाचव्या पानावर कथा सुरू. कोकण किनाऱ्यावरचं एक बेट, तिथे एका शेठजींचा वाडा, वाड्याच्या तळघरात पोर्तुगीजांच्या वेळची पेटी. वाड्यात पांढऱ्या दाढीचा, काळ्या चष्म्याचा मुनीम. पलीकडच्या गावातून होडीने येणारा तरुण डॉक्टर. आणि रणजित नावाचा नायक, जो लाँच चालवतो, पोहतो, तलवारही खेळतो आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी बेशुद्ध पडतो. ठाण्यापर्यंत दोन खून झाले. मुंब्र्याला वादळ सुटलं. डोंबिवली यायच्या जरा आधी पान ११२ संपलं ते असं: 'कंदील वर धरून रणजितनें त्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहिलें आणि तो'

पुढे काही नाही. पुढे बाइंडरने चिकटवलेला तपकिरी कागद. आणि त्या कागदावर शिसपेन्सिलीने, रेघ मारून घेतल्यासारख्या सरळ ओळीत लिहिलेलं:

'पुढील पानें नाहींत. वाचकांची गैरसोय होऊं नये म्हणून लिहितों. गुन्हेगार मुनीम आहे.'

त्याखाली निळ्या शाईने, घाईघाईत:

'साफ खोटे. डॉक्टर आहे. मी पूर्ण वाचले आहे.'

मी डोंबिवलीला उतरायची विसरले आणि ठाकुर्लीहून परत आले. घरी नवऱ्याला तो कागद दाखवला तर तो म्हणाला, "चाळीस रुपयांत भांडण विकत आणलंस."

आता हे भांडण मिटवायचं तर पुस्तकाची दुसरी प्रत हवी. दुसरी प्रत मागायची तर नाव हवं. ग्रंथालयाच्या सूचीत शोधायचं म्हटलं तरी शोधणार कोणत्या अक्षराखाली? तेव्हा आधी आहे त्यातून काय निघतं ते बघायचं ठरवलं.

जुन्या मराठी पुस्तकाचं वय काढायच्या तीन-चार युक्त्या आहेत आणि त्या इतक्या सोप्या आहेत की एकदा कळल्यावर प्रत्येक रद्दीच्या दुकानात आपण ज्योतिषी होतो. पहिली किंमत. आणे असतील तर पुस्तक १९५७ च्या आधीचं, कारण १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. किंमत 'न. पै.' म्हणजे नव्या पैशांत असेल तर १९५७ ते १९६४ मधलं. जून १९६४ मध्ये नव्या पैशातला 'नवा' गळाला. नुसते पैसे असतील तर त्यानंतरचं. दुसरी खूण पत्ता. 'मुंबई ४' एवढंच असेल तर पिनकोड यायच्या आधीचं, म्हणजे ऑगस्ट १९७२ च्या अलीकडचं नाही. तिसरी, आणि माझी लाडकी, अनुस्वार. 'पाहिलें', 'नाहींत', 'होऊं' या डोक्यावरच्या टिंबांना १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी रजा दिली. अर्थात छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरने दुसऱ्या दिवशी टिंबांचा खण रिकामा केला असं नाही, सवय पुढेही काही वर्षं टिकली. पण अंदाज बांधायला पुरे.

माझ्या ठोकळ्यातल्या तीन पुस्तकांपैकी एकाच्या आतल्या पानावर '७५ न. पै.' होते. चौथ्या कथेत टिंबं जागच्या जागी. म्हणजे साठ सालाच्या आगेमागे. आणि गंमत म्हणजे हीच युक्ती त्या तपकिरी कागदालाही लागू पडत होती. पेन्सिलवाला 'पानें नाहींत' लिहितो, तो जुन्या शाळेत शिकलेला. शाईवाला 'खोटे', 'वाचले' लिहितो, तो नंतरचा. म्हणजे दोघांत बरीच वर्षं गेली असणार. भांडण समोरासमोर झालेलंच नाही. मला या शाईवाल्याचा तेव्हापासून थोडा राग होता. पेन्सिलवाल्याने गैरसोय होऊ नये म्हणून लिहिलं होतं, हा एकदम 'साफ खोटे' म्हणून अंगावर येतो.

नावाचा धागा मिळाला तो पानाच्या तळाशी. खिळ्यांच्या छपाईत सोळा-सोळा पानांचा एक फर्मा छापायचे. फर्मे घडी घालून एकावर एक रचताना बाइंडरचा घोटाळा होऊ नये म्हणून प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाखाली, डाव्या कोपऱ्यात, बारीक टाइपात पुस्तकाच्या नावाची आद्याक्षरं आणि फर्म्याचा आकडा टाकत. वाचणाऱ्याचं तिकडे लक्षच जात नाही. मी भिंग घेऊन बसले. पान १७: 'अं. पा. २'. पान ३३: 'अं. पा. ३'. असं करत पान ९७ ला 'अं. पा. ७'. सात सोळे एकशे बारा, हिशोब जुळला. माझ्याकडे सात फर्मे होते. हरवला होता तो आठवा, पान ११३ ते १२८.

अं. पा. घरात आठवडाभर हाच खेळ. अंधारातलं पाऊल, अंगठीचा पाश, अंतिम पाठलाग. मुलगी म्हणाली, "अंबाबाईचा पाळणा." नवरा म्हणाला, "अंड्याचे पापड." एकूण सहकार्य असं.

माझं ऑफिस फोर्टात. जेवणाच्या सुट्टीत हुतात्मा चौकाकडे जाऊन फुटपाथवरची पुस्तकं बघणं हा आमच्या ऑफिसातल्या तीन पिढ्यांचा परिपाठ आहे. तार ऑफिसच्या भिंतीला लागून पूर्वी पुस्तकांची तटबंदीच होती. २००५ च्या कारवाईत बरीच दुकानं उठली, काही परत आली, पण ती रया नाही. मराठी तिथे फार कमी. इंग्रजी थरारक कादंबऱ्या मात्र ढिगाने, आणि त्यांच्यातच चुकून एखादं मराठी पुस्तक घुसलेलं असतं; आकार सारखा म्हणून. तेव्हा इंग्रजी ढीगही चाळायचा, कणा दिसत नसेल तर पुस्तक उपसून बघायचं. इथे मला एक धडा मिळाला. वरचा थर कधीच बघू नये. वरचा थर येणारे-जाणारे बघतात, दुकानदारही तोच पुसतो. आपला माल खालून दुसऱ्या रांगेत, ओल लागलेल्या बाजूला असतो. त्यासाठी नाकाला रुमाल, फोनचा टॉर्च आणि कडक इस्त्रीचे कपडे न घालणं, एवढी तयारी लागते.

पुस्तक हातात आल्यावर आधी मागून उघडायचं. पुढचं पान सगळेच बघतात. पण फाटतं ते शेवटचं. वाचनालयातली पुस्तकं पालथी पडतात, गादीखाली दडपतात, उशीखालून ओढली जातात. मग टाचण बघायची. तारेची शिलाई असेल तर तार गंजते, गंज कागदात उतरतो आणि मधलं पान तिथेच तुटतं. मग कागद कोपऱ्यात हळूच वाकवायचा. हा सगळा स्वस्त वर्तमानपत्री कागद; त्यातलं लाकूड हवा-उजेडाने पिवळं होत होत करपतं. वाकवल्यावर तुटला तर पुस्तक वाचण्यापुरतं आहे, ठेवण्यापुरतं नाही. शेवटी वास. जुन्या कागदाचा गोडसर वास चालतो. कुबट, ओल्या गोणपाटाचा वास आला तर ज्याच्या हातून घेतलं त्याच्याच हातात परत द्यायचं.

मुखपृष्ठासकट पुस्तक मिळणं म्हणजे लॉटरी. अर्नाळकरांच्या पुस्तकांना रघुवीर मुळगावकरांची मुखपृष्ठं असायची. ज्या हाताने घरोघरच्या कॅलेंडरांवरचे देव काढले तोच हात. त्यामुळे कटात सापडलेल्या सुंदरीच्या चेहऱ्यावरही लक्ष्मीचं तेज असतं, आणि तिच्या मागे काळा मुखवटा घातलेला माणूस उभा. ही बाई आतल्या पानांत शोधायला जाऊ नये. बऱ्याच पुस्तकांत ती नसतेच. असली तर तिसऱ्या प्रकरणात तिला पळवतात आणि शेवटच्या पानावर सोडवतात, मधल्या काळात ती काय करत होती हे लेखकाला विचारायचं नाही. अर्नाळकर यातही थोडे बरे. झुंजारची विजया निदान बोलते, गाडीत बसते, नवऱ्याला टोमणे मारते.

पुण्याला एका रविवारी पहाटेची इंद्रायणी पकडून गेले, जुन्या बाजारासाठी. मंगळवार पेठेत दर बुधवारी आणि रविवारी तो भरतो. कुलुपं, पाने, पितळी कड्या, टीव्हीचे रिमोट, एका पायाचे बूट. पुस्तकं त्यामानाने थोडी आणि तीही वजनावर घेतलेली. तिथे एका म्हाताऱ्या नाणीवाल्याकडे नव्या पैशांचा डबा होता. मी त्यातून पंच्याहत्तर पैसे जुळवून द्या म्हटलं तर तो म्हणाला, "ताई, पाउणशे रुपये होतील." साठ साली ज्या पैशांत पुस्तक येत होतं तेच पैसे पाउणशे रुपयांना. पन्नास आणि पंचवीस घेतले, अजून ठोकळ्याशेजारी ठेवलेत. पुस्तक म्हणून काही मिळालं नाही. अप्पा बळवंत चौकात गेले तर तिथे स्पर्धा परीक्षांच्या गाइडांचा महापूर. एका दुकानदाराने नारायण धारपांची दोन भयकथांची पुस्तकं काढून दिली, ती घेतली. धारप हे वेगळंच प्रकरण आहे, रात्री वाचू नये एवढंच सांगते.

मध्ये एक फजितीही झाली. फोनवरच्या एका विक्रेत्याने 'जुन्या रहस्यकथा, बारा नग, मूळ मुखपृष्ठासह' असा फोटो टाकला होता. फोटोत रंग झकास. मी पैसे पाठवले. पार्सल उघडलं तर मुखपृष्ठं खरी होती, पण ती भलत्याच पुस्तकांवर डकवलेली. पिस्तूलधारी नायकाच्या आत निघाला गव्हावरच्या तांबेरा रोगाचा सरकारी अहवाल. बारापैकी चारांत जिवंत कीड. परत घ्या म्हटल्यावर त्याने मला ब्लॉक केलं.

कीड लागलेली पुस्तकं मात्र वाचवता येतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून, हवा काढून, फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवायची. थंडीने किडे आणि अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर कागदावर दव धरतं. दिवसभर तशीच ठेवून मग उघडायची. हे सगळं मला ठाऊक होतं. सासूबाईंना ठाऊक नव्हतं. त्यांनी मटारची पिशवी समजून ती काढली आणि भिजत घालायला पातेलं घेतलं. "अगं, हे काय?" "झुंजार आहे, आई." त्या काही बोलल्या नाहीत. पण दुपारी चहा घेताना म्हणाल्या, "आमच्याकडे दादा आणायचे. आम्हाला हात लावायची परवानगी नव्हती. मी तांदळाच्या डब्यात लपवून वाचायचे." मग त्यांनीच फ्रीजरचा वरचा कप्पा मला दिला.

अं. पा. चा उलगडा अगदी सरळ झाला. या पुस्तकांच्या मलपृष्ठावर प्रकाशकाची यादी असते: 'आमच्या इतर चित्तथरारक कादंबऱ्या'. माझ्या चौथ्या कथेचा टाइप आणि प्रकरणाच्या सुरुवातीचा फुलांचा वेल मला एव्हाना पाठ झाला होता. दादरच्या एका रद्दीच्या दुकानात तसाच वेल असलेलं पुस्तक दिसलं. गिरगावचा प्रकाशक, 'मुंबई ४'. मागच्या पानावर चौदा नावांची यादी, अकरावं नाव अं. पा. लेखकाचं नाव पूर्वी कधी ऐकलेलं नव्हतं. पुस्तकाचं नाव मी इथे लिहीत नाही. ही पुस्तकं जमवणारे आता बरेच झालेत आणि कुणी आवडीने विचारतंय असं दिसलं की दहाची वस्तू पाचशेला जाते. दादरवाल्यानेही माझा चेहरा बघून वीसचे पन्नास केलेच. अंड्याचे पापड नव्हे, एवढं सांगते.

नाव कळल्यावर मोठ्या ग्रंथालयात जाऊन बघता आलं असतं. गेले नाही. इतकं फिरल्यावर काउंटरवर चिठ्ठी देऊन शेवट मागवायचा म्हणजे परीक्षेत कॉपी केल्यासारखं वाटत होतं.

मग पावसाळ्यात ऑफिसातली एक मैत्रीण म्हणाली की त्यांच्याकडे, कल्याणच्या जुन्या भागात, एक खासगी वाचनालय बंद होतंय, शनिवारी रद्दीवाला येणार आहे. शनिवार म्हणजे परवा. मी शुक्रवारी अर्धी रजा टाकून गेले.

दोन खोल्यांची जागा. मालक काका पंचाहत्तरीचे, बनियनवर बसलेले, मला बघून घाईघाईने शर्ट चढवला. कपाटं निम्मी रिकामी. चांगली पुस्तकं एका शाळेला दिली होती. "आता राहिलंय ते असंच," ते म्हणाले. "मासिकं, बाबूराव, बाइंडिंग सुटलेलं."

"काका, मला तेच हवंय."

त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः स्टुलावर बसले. बोलायला माणूस हवं होतं. वाचनालय वडलांनी सुरू केलेलं. अनामत दोन रुपये, वर्गणी वेगळी, आणि रहस्यकथेला रोजचे पाच पैसे जास्त, कारण ती एका रात्रीत वाचून होते आणि सकाळी शेजाऱ्याला दिली जाते. गिरणीतली रात्रपाळी सुटली की दारात रांग. "कादंबरी बायका न्यायच्या, रहस्यकथा पुरुष. पण पुरुषांच्या कार्डावर नेऊन वाचायचं कोण, ते आम्हाला परत आलेल्या पुस्तकावरच्या हळदीवरून कळायचं." हे ऐकताना मला तांदळाचा डबा आठवला.

पुस्तकं जीर्ण झाली की ते काय करायचे? मुखपृष्ठ काढून चार-चार एकत्र बांधायचे, तीही फाटली की माळ्यावर. फेकायचे नाहीत? "वडलांचा नियम. दाखल झालेलं पुस्तक बाहेर गेलं तर नोंदवहीत कारण लिहावं लागतं. कारण लिहायचा कंटाळा."

नोंदवही! मी विचारलं, आहे का? होती. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, आत वडलांचं वळणदार अक्षर, दाखल क्रमांक, नाव, लेखक, किंमत, शेरा. मी बोट फिरवत गेले. तासभर लागला. क्रमांक २३१७, अं. पा., पूर्ण नावासह, किंमत ७५ न. पै. शेऱ्याच्या रकान्यात वेगळ्या शाईने: 'जीर्ण. माळा.'

"माळ्यावर मी आता चढत नाही," काका म्हणाले. मी चढले. साडी नव्हती नेसलेली हे नशीब. वर वटवाघळासारखं वाकून बसावं लागत होतं, उकाडा असा की फोनच्या काचेवर घाम. गठ्ठे सुतळीने बांधलेले, सुतळी हात लावताच तुटत होती. दुसऱ्याच गठ्ठ्यात वाळवीने बोगदे केले होते. मातीचा एक ठोकळाच उचलल्यासारखं वाटलं. क्रमांक पाठीवर चिकटवलेल्या चौकोनी चिठ्ठ्यांवर होते आणि निम्म्या चिठ्ठ्या झुरळांनी खाल्लेल्या, कारण खळ पिठाची. म्हणून क्रमांक बघायचे सोडून मी पानांचे तळ बघायला लागले.

पाचव्या गठ्ठ्यात ते मिळालं. म्हणजे त्याचं जे उरलं होतं ते. मुखपृष्ठ नाही. पहिले चार फर्मे वाळवीने संपवलेले, हातात घेतल्यावर भुसा झाला. पण पान ६५ पासून पुढे वाळवीला काय झालं कोण जाणे, ती थांबली होती. मी मागून उघडलं. पान १२८, जाहिरात. सोळा पानं मागे, डाव्या कोपऱ्यात, बारीक टाइपात: 'अं. पा. ८'.

काका पैसे घेईनात. मी म्हटलं, "रद्दीवाला वजनाने देणारच की." तर त्यांनी खरंच पुस्तक तळहातावर तोललं आणि म्हणाले, "दोन रुपये." मग नोंदवही उघडून २३१७ समोर शेरा लिहायला पेन घेतलं, थोडा वेळ थांबले, आणि लिहिलं: 'वाचकास दिले.'

कल्याण स्टेशनवर पाऊस. गाडी उशिरा. मी बाकावर ठोकळा आणि तुकडा दोन्ही मांडीवर घेऊन बसले, आधी जुन्यातली शेवटची ओळ वाचली आणि मग नव्यातली पहिली. 'कंदील वर धरून रणजितनें त्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहिलें आणि तो' पान ११३: 'दचकून मागें सरला.'

एवढंच. दचकून मागे सरला. यासाठी मी दहा महिने थांबले होते.

पुढे मात्र लेखकाने हात राखला नाही. लाँचचा पाठलाग, भरतीचं पाणी तळघरात, रणजित आणखी एकदा बेशुद्ध. पान १२४ वर काळोखातल्या माणसाला पोलिस पकडतात, कंदील जवळ नेतात आणि शेठजी ओरडतात, "मुनीमजी, तुम्हीं!" मी बाकावर ताठ बसले. पेन्सिलवाल्याचं बरोबर होतं. खाली तीन चांदण्या, प्रकरण संपलं. शाईवाल्याला चार शब्द सुनवावेत असं मनात येत होतं, तेवढ्यात मी पान उलटलं. नवीन प्रकरण, शेठजींच्या दिवाणखान्यात सगळे जमलेले. मुनीम गप्प. रणजित हसतो, सिगारेट विझवतो, पुढे होतो आणि मुनिमाची पांढरी दाढी हिसडा देऊन ओढून काढतो. मग काळा चष्मा.

आत डॉक्टर.

एकशे बारा पानांत मुनीम आणि डॉक्टर एकाही प्रसंगात एकत्र आले नव्हते. मी उलटून पाहिलं. खरंच नव्हते आले. डॉक्टरची होडी लागायची तेव्हा मुनीम वसुलीला गेलेला असायचा. मला कळायला हवं होतं. पेन्सिलवाल्याने वाचली त्या प्रतीत बहुतेक तीन चांदण्यांपर्यंतचीच पानं उरली असतील, आणि त्याला वाटलं असेल, झालं, संपलं.

गाडी आली, गर्दीची होती, एक सोडली. पिशवीत पेन्सिल होती, हिशोबाची. तपकिरी कागदावर शाईच्या ओळीखाली बोटभर जागा होती. मी ठोकळा गुडघ्यावर टेकवला आणि जमेल तेवढ्या सरळ ओळीत लिहिलं: 'दोघांचेंही बरोबर. पान १२७ पाहावें.'